आमची म्हैस आणि कम्युनिटी सपोर्ट

आमची म्हैस व्याली तेव्हा तिला चार देशांतल्या माणसांनी पाहिलं. मी पाहिलं नाही. खरं तर पाहायचं काम एकट्या माझ्याकडे होतं.

आमचं घर घोडेगावजवळच्या वस्तीवर. तिथे माझे वडील (आम्ही त्यांना आण्णा म्हणतो), आई आणि म्हैस असे तिघे राहतात. मी आणि माझी बायको वैशाली नगरला असतो. मी तिथे एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवतो. मामांच्या मुलीचं लग्न कर्जतला ठरलं आणि नेमके त्याच आठवड्यात म्हशीचे दिवस भरले. मागच्या खेपेला ती व्याली तेव्हा घरात कोणी नव्हतं. रेडकू अडकलं आणि गेलं. आण्णा त्यानंतर दोन दिवस नीट जेवले नव्हते. त्यामुळे या वेळी त्यांनी सरळ सांगून टाकलं, "मी लग्नाला येत न्हाई. म्हशीपाशी थांबतो."

"माझ्या सख्ख्या भावाच्या घरचं पहिलं कार्य हाय," आई म्हणाली. "लोक इचारत्याल, दाजी कुठं हायेत? काय सांगू? म्हशीपाशी?"

"व्हय. तेच सांग."

आईने बोलणंच सोडलं. घरातलं वातावरण असं झालं की मध्ये पडणं भाग होतं, आणि शहाणपणा करायला मला आमंत्रण लागत नाही.

"आण्णा, तुम्ही खुशाल लग्नाला जा. गोठ्यात कॅमेरा आहेच. मी नगरहून लक्ष ठेवतो. जरा काही वाटलं की शेजारच्या हौसाकाकूंना फोन करतो."

"त्यापरीस रजा टाकून यं की हितं."

हे कुणालाही पटेल असं बोलणं होतं, म्हणून मला ते पटलं नाही. "आण्णा, म्हशीसमोर येऊन बसायचे दिवस गेले आता!" मी म्हणालो. (रजा मी टाकलीच. पण नगरला घरी बसून लॅपटॉपवर म्हैस पाहायला.)

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी लिनक्सवाला आहे. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर विंडोज असतं आणि ते लोक त्यावर आपापली कामं करतात. आम्ही लिनक्सवाले कॉम्प्युटर चालू ठेवण्याचं काम करतो. घरातला लॅपटॉप मी चार वर्षांपूर्वी लिनक्सवर नेला, त्यात वैशालीचे रांगोळीचे सगळे फोटो गेले. त्या विषयावर आमच्याकडे अजून बोलणं होतं.

कॅमेरा बसवायला आलेल्या माणसाने आण्णांच्या मोबाईलवर एक फुकटचं ॲप टाकून दिलं होतं. आण्णा दिवसभर त्यात म्हैस बघायचे. गोठ्यात उभं राहूनसुद्धा बघायचे. मी ते ॲप काढून टाकलं.

"असल्या ॲपमधून आपली माहिती परक्यांच्या हातात जाते, आण्णा."

"कशाची माहिती? म्हशीची?"

"म्हशीची का असेना!"

त्याऐवजी मी परदेशातल्या एका कंपनीचं चांगलं विकतचं सॉफ्टवेअर घेतलं. लिनक्सवर चालतं, असं त्यांच्या साईटवर ठळक लिहिलं होतं. त्याखाली बारीक अक्षरांतही काहीतरी लिहिलं होतं. बारीक अक्षरं वाचायची मला सवय नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी सातला गाडी कर्जतला निघाली. जाताना नगरहून त्यांनी वैशालीला घेतलं. आण्णा गाडीतून उतरले नाहीत, फक्त काच खाली करून म्हणाले, "डोळा लागू दिऊ नकोस." मी हसलो. आठ वाजता चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसलो. म्हैस, दावण, शेण, सगळं स्वच्छ दिसत होतं. तेवढ्यात कोपऱ्यात सूचना आली: नवीन आवृत्ती आली आहे, घ्यायची का? चालू असलेल्या गोष्टीला हात लावू नये, हे मी क्लासमध्ये पहिल्याच दिवशी पोरांना शिकवतो. मी 'हो' दाबलं.

स्क्रीन काळी झाली ती झालीच. बंद करून चालू केलं, काळी. लॅपटॉप बंद करून चालू केला, काळी. शेवटी कंपनीच्या हेल्पलाईनला फोन लावला. एका गोड आवाजाच्या मुलीने विचारलं, "सर, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती?"

"लिनक्स."

पलीकडे कीबोर्ड खडखडला. मग ती म्हणाली, "सर, लिनक्ससाठी आमची कम्युनिटी आहे. तिथे विचारा."

"कम्युनिटी म्हणजे कोण?"

"तुमच्यासारखेच लोक, सर. ज्यांनी हे सॉफ्टवेअर विकत घेतलंय."

"म्हणजे ज्यांचं बंद पडलंय ते एकमेकांना मदत करतात?"

"बरोबर, सर. अजून काही मदत करू?"

तेवढ्यात आण्णांचा फोन. "मिरजगाव आलं. काय म्हनती म्हैस?"

"मजेत आहे," मी म्हणालो. "रवंथ करतेय." स्क्रीन काळी होती आणि म्हैसही काळीच, त्यामुळे हे अगदीच खोटं होतं असं म्हणता येणार नाही. हौसाकाकूंना तेव्हाच फोन करायला हवा होता. पण काकूंना कळलं की दुसऱ्या मिनिटाला आईला कळतं, आणि माझा कॅमेरा लग्नाच्या मांडवात बंद पडलेला मला नको होता. म्हणून मी कम्युनिटीकडे गेलो.

कम्युनिटी म्हणजे एक फोरम. तिथे आपण प्रश्न लिहायचा आणि जगभरातल्या कुणीही फावल्या वेळात उत्तर द्यायचं. मी लिहिलं, 'अपडेटनंतर कॅमेरा दिसत नाही. तातडीचं आहे.' पहिलं उत्तर आलं, 'हा प्रश्न आधी विचारून झालाय, शोधा.' दुसरं आलं, 'तुम्ही वापरता तो लिनक्सचा प्रकार भिकार आहे, मी वापरतो तो घ्या.' त्यावर तिसऱ्याने या दुसऱ्याला धारेवर धरलं आणि दोघांची तिथेच जुंपली. आमच्या वस्तीवर कुणाची मोटार बंद पडली तरी हेच होतं. पाच जण जमतात आणि त्यातले तिघे 'ही कंपनी घ्यायलाच नको हुती' म्हणून निघून जातात.

मग एक यान नावाचा माणूस आला. राहणार हॉलंड. त्याने भांडण न करता लिहिलं, 'पूर्ण लॉग टाका.' लॉग म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय केलं त्याची त्यानेच लिहिलेली वही. मी अख्खा लॉग उचलला आणि फोरमवर चिकटवला. चारशे ओळी होत्या. चारशे ओळी कोण वाचतो? (यान वाचतो.)

वीस मिनिटांनी त्याचं उत्तर आलं. 'तुमच्या लॉगमधल्याच सेटिंगने माझ्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं. माझ्याकडे व्यवस्थित चालतंय. गाय छान आहे.'

मी हे दोनदा वाचलं. मग लिहिलं, 'कुठली गाय?'

'काळी.'

मी खुर्ची पुढे ओढली. लॉग उघडून पाहिला, तर त्यात कॅमेऱ्याचा पत्ता आणि पासवर्ड सरळ वाचता येईल असा लिहिलेला. (पासवर्ड काय होता ते सांगत नाही. त्यात म्हशीचं नाव होतं आणि पुढे एक-दोन-तीन.) मी जगासमोर आमच्या गोठ्याचं दार उघडून दिलं होतं! पासवर्ड ताबडतोब बदलायला हवा होता. तो बदलायची सोय सॉफ्टवेअरमध्ये होती आणि ते सॉफ्टवेअर चालू होत नव्हतं.

तोवर बाकीचेही आत शिरले होते. श्रीलंकेतल्या एकाने लिहिलं, 'ही गाय नाही, म्हैस आहे.' पोलंडचा एकजण म्हणाला, 'शिंगं सुंदर आहेत.' केनियातल्या एका बाईने विचारलं, 'दूध किती देते?' माझा मूळ प्रश्न सगळे विसरले. सगळं जग आमची म्हैस बघत होतं आणि मालकाच्या मुलासमोर काळा पडदा होता.

पुन्हा आण्णांचा फोन. मागे सनई वाजत होती. "काय करती म्हैस?"

मी भराभर फोरमवर लिहिलं, 'आत्ता काय करतेय?' यानचं उत्तर येईपर्यंत खाकरलो.

"उभी आहे, आण्णा."

"उठबस करती का?"

टाईप केलं. थांबलो. "हो, करतेय."

"शेपूट?"

टाईप केलं. थांबलो. "वर आहे."

"मंग अजून येळ हाय तिला. पर आरं, बोलायला यवढा उशीर का लागतोय तुला?"

"नेट स्लो आहे." म्हैस घोडेगावात, बघणारा हॉलंडात, विचारणारा कर्जतला आणि मी मध्ये नगरला. पण उत्तरं बरोबर चालली होती, त्यामुळे मला उगीच धीर आला.

तो धीर चाळीस मिनिटं टिकला. यानने लिहिलं, 'मी स्वतः गाई पाळतो. पहाटेची धार काढून इथे बसलोय, म्हणून सांगतो. पाण्याची पिशवी फुटून अर्धा तास झाला. एकच खूर दिसतोय. दोन दिसायला हवेत आणि नाक. कुणाला तरी पाठवा. आत्ता.'

मी खरंच घाबरलो. मागच्या खेपेचं रेडकू, पोत्यात गुंडाळून नेताना आण्णांनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं, ते सगळं डोळ्यांसमोर आलं. नगरहून घोडेगावला जायला तास लागतो. सकाळपासूनच्या तीन तासांत मी तीनदा पोहोचलो असतो.

हौसाकाकू कांद्याच्या वावरात होत्या. मी फोनवर काय बोललो ते मला आठवत नाही. काकू एवढंच म्हणाल्या, "आलेच," आणि फोन चालूच ठेवून धावल्या. नंतर गोठ्याचं फाटक वाजलं, बादली वाजली आणि काकूंनी फोन गव्हाणीवर ठेवला. त्याच क्षणी फोनमधून मला एक जाड पुरुषी आवाज इंग्रजीत ऐकू आला, "हॅलो, मॅडम!"

कॅमेऱ्याला स्पीकर होता. मी ते विसरलो होतो. यान विसरला नव्हता.

"राजू, गोठ्यात कोन बोलतंय रं?"

"काकू, तो हॉलंडचा आहे."

"आन् हितं काय करतोय?"

"मदत."

"काय म्हनतोय त्यो?"

"एक पाय मागं मुडपलाय म्हणतोय."

"ते मला दिसतंय की! त्याला म्हनावं गप ऱ्हा, म्हैस बुजती."

मी लिहिलं, 'कृपया शांत राहा, म्हैस बुजते.' यानने लिहिलं, 'बाईंचं बरोबर आहे. माफ करा.' त्याखाली पोलंड, केनिया आणि श्रीलंकेनेही माफी मागितली.

पुढचा वेळ मी नुसता कान लावून बसलो. काकूंच्या बांगड्या वाजत होत्या, म्हैस धापा टाकत होती. "थांब माय. कळ गेली की मंग," असं काकू म्हणत होत्या. हाताला तेल लावून त्यांनी आतला पाय सरळ केला, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फोरमवर विचारत होतो, 'काय चाललंय? कुणीतरी सांगा!' कुणीच सांगेना. सगळे बघत होते. मग एकदम धप्प असा आवाज आला आणि यानने लिहिलं, 'आलं. श्वास घेत नाहीये.'

गोठ्यात पोत्याने खसाखसा पुसल्याचा आवाज. काकूंनी नाकात गवताची काडी घातली होती. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, का ते माहीत नाही. आणि फोनमधून एक शिंक आली, छोटीशी आणि ओली.

"रेडी हाय!" काकू ओरडल्या. "जित्ती हाय!"

मी रडलो. लाज कसली त्यात? यानने लिहिलं, 'मीसुद्धा.'

आण्णांना फोन लावला आणि सांगितलं. कर्जतला तेव्हा मंगलाष्टकं चालू होती. आण्णा भर मांडवात "रेडी झाली!" म्हणून ओरडले आणि अर्ध्या मांडवाने त्याच क्षणी अक्षता टाकल्या. भटजींना दोन कडवी नंतर म्हणावी लागली. आईने मामांकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी मी वस्तीवर गेलो; वैशाली लग्नाहून परस्पर तिकडेच गेली होती. रेडी उभी राहून दूध पीत होती. काकूंनी आण्णांना आधीच सगळं सांगितलं होतं, त्यामुळे माझ्याकडे सांगण्यासारखं फक्त वाईटच उरलं होतं.

"म्हंजी तुला काहीच दिसत नव्हतं?"

"नाही."

"मंग रवंथ करती म्हनालास ते?"

"अंदाजाने."

आण्णा बराच वेळ रेडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "आन् ह्यो यान कोन? पैसं किती घेतलं त्यानं?"

"काही नाही. ओळख ना पाळख. तिथले लोक असंच करतात, मदत म्हणून."

"म्हंजी हौसासारखा मानूस हाय," आण्णा म्हणाले. त्यांच्या दृष्टीने याच्या वर काही नसतं.

संध्याकाळी त्यांनी वैशालीकडून ते जुनं ॲप मोबाईलवर परत टाकून घेतलं आणि पासवर्डही बदलून घेतला. नवा पासवर्ड आण्णांकडे आहे, वैशालीकडे आहे आणि आण्णांच्या सांगण्यावरून तिने तो यानला कळवला आहे. माझ्या लॅपटॉपवर अजून काळी स्क्रीनच दिसते. म्हशीची आणि रेडीची खुशाली हवी असली की मी फोरमवर प्रश्न टाकतो. यान अर्ध्या तासात कळवतो.