दहा सेंटिमीटरची रेघ

रेघेवर खूण करण्याआधी बापटकाकू स्वतःच्या गुडघ्याकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघायच्या. हे पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं. त्याचा अर्थ मात्र त्या गेल्यावर कळला.

कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या एका दवाखान्यात आमची छोटी चाचणी चालू होती. निर्गुंडीच्या पानांच्या अर्काने झिजलेल्या गुडघ्यांचं दुखणं कमी होतं का, हे बघायचं होतं. माझी पीएच.डी. त्यावरच होती. पेशंटसमोर दहा सेंटिमीटरची आडवी रेघ ठेवायची. डावं टोक म्हणजे अजिबात दुखत नाही, उजवं म्हणजे सहन होत नाही. त्यांनी मधे कुठेतरी खूण करायची आणि मी ती पट्टीने मोजायची. फार बोलावं लागत नाही म्हणून मला हे काम आवडायचं.

काकू डमडमहून यायच्या. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे कोलकात्याला आल्या आणि नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या. पहिल्या भेटीत मी हिंदीत नाव विचारलं. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचून त्या म्हणाल्या, "अगं, मराठी ना तू? मग हिंदीत काय बोलतेस? बस." टेबल माझं, खुर्ची माझी, आणि बसायला त्या मला सांगत होत्या.

औषधाची बाटली उघडून त्यांनी वास घेतला. "ही तर आमची निर्गुंडी! आई पाला तव्यावर गरम करून गुडघ्याला बांधायची. इथे निशिंदा म्हणतात. तुम्ही काय केलंत, पाला काढलात आणि नुसता वास ठेवलात?"

"अर्क आहे, काकू."

"असू दे बाई. अर्क तर अर्क."

गुडघा दुखतो का म्हणून विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "दुखणं म्हणजे पाहुणा. पाणी द्यावं, अंथरूण घालू नये." माझ्या पीएच.डी.चे सर कधी हसत नसत. त्यांच्याकडे बघून काकू एकदा माझ्या कानात म्हणाल्या, "ही रेघ एकदा यांना दे. उजव्या टोकाच्याही बाहेर खूण करतील." मी दवाखान्यात मोठ्याने हसले, ते तेवढंच.

दुसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, "हे सगळं म्हणजे तुझी परीक्षा का गं?"

ही परीक्षा नाही, औषध लागू पडलं नाही तरी माझं काही बिघडत नाही, खरं तेच सांगा, हे तेव्हा नीट सांगायला हवं होतं. पण माझं शिक्षण इंग्रजीत झालेलं. मराठीत लांब वाक्य सुरू केलं की मधेच अडकण्याची भीती वाटायची. मी म्हटलं, "तसंच काहीतरी."

"म्हणजे पेपर तुझा आणि मार्क माझ्या हातात!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खूण केली. ती आधीपेक्षा दोन सेंटिमीटर डावीकडे होती. मला आनंद झाला, आणि तो चेहऱ्यावर दिसला असणार.

त्यानंतर प्रत्येक भेटीत खूण डावीकडे सरकत गेली. चाचणीसाठी त्यांच्या जुन्या वेदनाशामक गोळ्या मीच बंद करायला लावल्या होत्या. अगदीच असह्य झालं तर घ्यायला साध्या गोळ्यांची एक पट्टी दिली होती. ती त्या दर वेळी न फोडता परत आणायच्या. "ठेव. दुसऱ्या कुणाला होतील." मी "वा, काकू!" म्हणायचे.

त्या घरी बोलवायच्या. "ये एकदा. साबुदाण्याची खिचडी करते. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, पण तुझे पाय तरुण आहेत." पेशंटच्या घरी जाणं नियमात बसत नाही, असं मी सांगायचे. असा नियम नव्हता. कुणाच्या घरी जाऊन काय बोलायचं, हे मला कळत नाही.

थंडीत एका भेटीला त्या आल्या नाहीत. फोन केला तर खालच्या मजल्यावरच्या बंगाली मावशींनी उचलला. ताप छातीत उतरला आणि चार दिवसांत काकू गेल्या. त्यांनी माझ्यासाठी एक वही ठेवली होती. मी डमडमला गेले.

जिन्याच्या तळाशी खिळ्याला गोधडीचा एक चौकोनी तुकडा टांगलेला होता, झिजून पातळ झालेला. मी बघत राहिले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "दीदी तो बोशे बोशे नामतेन." बसून बसून उतरायच्या. गोधडी खाली घ्यायची, एक पायरी घसरायचं, थांबायचं, पुन्हा एक पायरी. दवाखान्यात येतानाही.

"कधीपासून?"

"दुर्गापूजेच्या आधीपासून. जुन्या गोळ्या सोडल्या ना, तेव्हापासून."

वही आमच्या चाचणीचीच होती, रोज रात्री घरी भरायची, प्रत्येक पानावर छापलेली तारीख आणि तीच रेघ. मी शेवटची खूण शोधायला गेले आणि पानं संपेनात. काकू गेल्या त्या तारखेनंतरची अठरा पानंही भरलेली होती. अक्षर नाही, नुसत्या खुणा, कापऱ्या हाताच्या. रोज थोडी डावीकडे. शेवटच्या पानावर खूण अगदी डाव्या टोकावर होती.

मावशी म्हणाल्या, "तापात चष्मा मागितला, पेन मागितलं. म्हणाल्या, दवाखान्यातल्या त्या मुलीचा पेपर अर्धा राहील."

वही मी सरांपुढे ठेवली आणि "तसंच काहीतरी" हे माझं उत्तरही त्यांना सांगितलं. ते बराच वेळ पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "यांच्या सगळ्याच नोंदी वगळाव्या लागतील." काकूंनी मला दिलेले मार्क असे एका ओळीत गेले. त्यांचा गुडघा खरंच किती दुखत होता, हे आता कुठेच लिहिलेलं नाही.

चाचणी पुढे चालू आहे. नव्या पेशंटला मी आता सगळं सांगते, अडखळत का होईना, आणि कागद पुढे सरकवून पाठ फिरवते. खोलीत निर्गुंडीचा वास असतो. पेन टेकेपर्यंतच्या शांततेत मला जिन्यावरून गोधडी घासत येताना ऐकू येते. एक पायरी. थांबणं. पुन्हा एक पायरी. तो आवाज मी प्रत्यक्षात कधीच ऐकलेला नाही.