पत्र्याचा वर्ग

सात मे. ऊन कडक, आभाळ कोरं, दुपारनंतर वावटळ. आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या शेडचे पत्रे आज उतरवले.

किस्से साठतात कसे, असं मला कोणी तरी विचारलं होतं. ज्याच्या घरी संध्याकाळी ‘काय झालं आज?’ असं विचारणारं माणूस असतं, त्याचे किस्से चहाबरोबर संपतात. माझ्या घरी असं विचारणारी होती. ती भूकंपाच्या पहाटे गेली. तेव्हापासून मी लिहून ठेवतो. लातूरच्या या कॉलेजात मी क्लार्क. शिक्षण बेताचं, पण अक्षर चांगलं!

*

भूकंपानंतरचं पहिलं वर्ष. उदगीरचे शेख सर गणित शिकवत होते. फळ्याकडे तोंड करून प्रमेय लिहीत होते. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

सर “समजलं का?” म्हणत वळले, तर वर्गात एकही पोर नाही! सगळी मैदानात.

सर खडू घेऊनच बाहेर आले. म्हणाले, “अरे बाबांनो, इतकं अवघड नव्हतं रे ते!”

पोरं हसली, पण परत आत यायला कोणी तयार होईना. मग संस्थेने मैदानाच्या कडेला पत्र्याचं शेड टाकलं. माझं टेबलही मी तिथल्या कोपऱ्यात मागून घेतलं. प्राचार्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, “उजेड चांगला आहे.”

*

शेड भूकंपातल्या गावांच्या पोरांसाठी होतं. हळूहळू जो कुठे मावत नाही तो तिथे, असं झालं. किनवटच्या तांड्यांवरची, भोकरकडच्या बौद्ध मजुरांची, बाजारातल्या बागवान-अत्तारांची, उशिरा आलेली, कमी टक्क्यांची पोरं तिथे. स्लॅबच्या इमारतीत डॉक्टर, वकील, व्यापाऱ्यांची मुलं आणि पंखे.

मी इस्लापूरच्या प्रल्हाद राठोडला विचारलं, “उन्हाचा त्रास होतो का रे?”

“न्हाई काका. आमच्या शाळेला तर भिंतीबी नव्हत्या. हितं लई सोय हाय!”

पाऊस आला की पत्र्यावर असा आवाज व्हायचा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. शेख सर मग न बोलता नुसतं फळ्यावर लिहायचे. एक एक पायरी, सावकाश. पोरं वाचायची, समजलं नाही तर हात वर. श्रावण सरला, ऊन पडलं, सर बोलू लागले. तेव्हा भोकरची सुजाता उभी राहिली.

“सर, आजबी लिहूनच शिकवा. तुमी बोलताव तवा लई घाई करताव!”

*

त्या वर्षी बारावीचा निकाल लागला आणि शेड इमारतीच्या पुढे गेलं. स्टाफरूममध्ये निकालाचे आकडे पुन्हा पुन्हा मोजून झाले. शेवटी प्राचार्य म्हणाले, “पत्र्यात काही तरी आहे.”

हे ते गमतीने म्हणाले की खरंच, मला आजही माहीत नाही. पण ही गोष्ट गावभर झाली. जूनमध्ये नांदेडचे एक डॉक्टर मुलाला घेऊन गाडीने आले.

“टिन बॅचला अ‍ॅडमिशन पाहिजे.”

“डॉक्टरसाहेब, इमारतीत पंखे आहेत.”

“पंखे नकोत. पत्रा पाहिजे!”

त्यांच्यामागे रांग लागली. एका आईने पहिला आलेला मुलगा कोणत्या बाकावर बसायचा ते विचारून घेतलं आणि मुलाला तिथे बसवूनच ती घरी गेली. मूल डावखुरं, बाक डाव्या भिंतीला चिकटलेला! वर्षभर बिचाऱ्याचं कोपर पत्र्यावर वाजत राहिलं.

*

जागा करायची म्हणून जुनी शेडवाली पोरं बारावीला इमारतीत हलवली. त्यात महादेवी होती. भूकंपात आईबाप गेलेली, मावशीकडे राहणारी. पहिल्या दिवशी ती वर्गाच्या दारापर्यंत आली, छताकडे पाहिलं आणि खिडकीबाहेरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. शेख सर पुन्हा मोठ्या अक्षरात लिहू लागले. प्रल्हाद खिडकीशी बसून तिला वही दाखवायचा.

प्राचार्य फेरीवर आले. “ही मुलगी वर्गात का नाही?”

“वर्गातच आहे, सर,” शेख सर म्हणाले. “फक्त मधे भिंत आहे.”

तिला शेडात घ्या, असं सांगायला मी गेलो. प्राचार्य खरंच वाईट वाटून म्हणाले, “कसं घेऊ हो? तिथं आता वेटिंग आहे!”

लिंबाखाली वर्ष निघालं. पण बोर्डाची परीक्षा लिंबाखाली होत नाही.

*

परीक्षेचं केंद्र गावातल्या दुसऱ्या शाळेत. नंबर दुसऱ्या मजल्यावर. गणिताचा पेपर पहिला. महादेवी जिन्याच्या तोंडाशी कठडा धरून उभी. शेख सरांनी समजावलं, मावशीने हात जोडले, इशाऱ्याची घंटा झाली. पोरगी हलेना. हा पेपर गेला की शिक्षण संपलं, हे तिलाही कळत होतं. मावशीने तिच्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं.

मी म्हणालो, “जा पोरी. काही होत नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “काका, तुमीबी कवा स्लॅबखाली बसत न्हाई की.”

इतक्या वर्षांत हे कोणाच्या लक्षात आलं असेल, असं मला वाटलं नव्हतं.

“तुमी चला. मंग मी येते.”

मी पुढे झालो. मागे तिच्या चपलांचा आवाज येत होता. वर्गाच्या दारात पर्यवेक्षकांनी अडवलं. “तुम्ही कोण?”

आतून प्रल्हाद ओरडला, “पाणीवाले काका हाईत, सर!”

केंद्रावरचा पाणीवाला त्या दिवशी आलाच नव्हता. माझ्या हातात पाण्याचा जग आणि पेला आला.

पेपर सुरू झाल्यावर खालून ट्रक गेला. काचा वाजल्या. महादेवीने मान वर केली आणि दाराकडे पाहिलं. दारात मी होतो. हातातल्या जगमधलं पाणी हलत होतं. तिने हात वर केला.

“काका, पाणी.”

मी पाणी दिलं. ती प्यायली, पेला परत केला आणि लिहू लागली.

शेवटच्या घंटेपर्यंत ती आत होती. मीही. गणितात तिला शंभरापैकी एक्क्याण्णव पडले.