डावीकडून काढलेली धार

तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजच्या फाटकात, भावाशी भांडताना. निवृत्तीनंतर मी तिथल्या पशुपालनाच्या वर्गाला भाषा शिकवायला जात असे. भाऊ मोटरसायकलवर बसूनच हसत होता.

"गाईंनी कधी सर्टिफिकेट मागितलंय का गं, ताई?"

"गाईंनी नाही, बाबांनी मागितलंय. आणि फक्त माझ्याकडेच!"

त्या 'फक्त'मध्ये तिचा सगळा राग होता. लग्न मोडून माहेरी आल्यापासून वडिलांच्या पाच गाईंचं शेणपाणी, वैरण, धारा सगळं तीच करत होती. वडील थकले, तसा तिने गोठा मागितला. ते म्हणाले, "पशुपालनाची परीक्षा पास हो, गोठा तुझा. नाहीतर तुझ्या भावाचा." त्याला गाई विकून तिथे गॅरेज काढायचं होतं. त्याला कुणी कसली अट घातली नव्हती.

वर्गात ती सगळ्यांत मोठी, चाळिशीची. पोरं तिला मावशी म्हणत आणि ती त्यांच्यावर खेकसे. माझ्यावरही. "बाई, 'गोठ्याचे मनोगत' कशाला लिहायला लावता? आमचा गोठा बोलायला लागला तर घरच्यांची अब्रू जाईल!"

पंचाईत एकच होती. ती डावखुरी. घरी गाईच्या डाव्या अंगाला बसून धार काढायची. कॉलेजच्या गाईंना मात्र उजव्या अंगाची सवय. दातओठ खात तिने वर्षभर उजवीकडे बसायचा सराव केला. जमलंही.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी भाऊ कुंपणाशी येऊन उभा राहिला. ती बादली घेऊन निघाली तसा ओरडला, "ताई, सांभाळून हं! गाईंना गिऱ्हाईक ठरलंय."

ती त्याच्यावर खेकसली आणि त्याच भरात सवयीने डावीकडे जाऊन बसली. कासेला हात लागताच गाईने लाथ झाडली. बादली उडाली. मग गाईने पान्हा चोरला तो चोरलाच.

परीक्षकांनी नापास केलं.

"दूध काय बाजू बघून येतं का?" ती कडाडली.

"दूध नाही बघत, ताई. गाय बघते," प्रात्यक्षिक शिकवणारे गोठ्याचे सर हळूच म्हणाले. "सहा महिन्यांनी पुन्हा बसा."

ती आणखीच चिडली आणि पडलेली बादली पायाने लोटून बाहेर पडली.

मी तिच्या वडिलांकडे गेले. सहा महिने थांबा, म्हटलं. "शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले.

"पंधरा वर्षं धारा काढल्या, तेव्हा कुठे होता तुमचा शब्द?" ती दारातून ओरडली. वडिलांनी पेपर तोंडासमोर धरला. मलाही त्या माणसाचा इतका राग आला की पुढ्यातला चहा तसाच ठेवून मी उठले.

त्याच आठवड्यात टेम्पो आला. गाई बुजल्या, फळीवर पाय ठेवीनात. भाऊ काठी घेऊन धावला. तिने ती हिसकावून घेतली. "पाय मोडशील त्यांचे, मेल्या!" आणि एकेकीच्या पाठीवर थाप मारत तिनेच त्या चढवल्या. भावाला शिव्या चालूच होत्या.

सहा महिन्यांनी ती पास झाली. गाई ज्या डेअरीने घेतल्या होत्या, तिथेच तिने अर्ज केला. आता ती तिथे पहाटेच्या पाळीला असते, आवारातल्याच खोलीत राहते आणि माहेरी जात नाही.