तीन ओळी माझ्या, तीन ओळी विहिणीच्या

उन्हात काचेचा होणारा कॉमिकमधला माणूस मला पहिल्या अंकापासून आवडला नाही. अंगावर ऊन पडलं की तो काचेचा होतो आणि मग कोणाला दिसत नाही, अशी गोष्ट. मी सांगितलं ते असं: काचेचा झाला म्हणजे एक दगड बसला की संपला. तीन अंक झाले तरी एकाही शत्रूला दगड उचलायचं सुचत नाही, म्हणजे शत्रू बिनडोक आहेत. बिनडोक माणसांना हरवणाऱ्याला मी शूर म्हणणार नाही.

नातीने ते जसंच्या तसं फोनवर टाकलं. तिचं तिथे एक पान आहे. नवीन आलेल्या कॉमिकबद्दल दर रविवारी सकाळी ती त्यावर तीन-तीन ओळी लिहिते. ती इंजिनिअरिंगला आहे, पण जीव या पुस्तकांत. कॉलेज रोडला एक दुकान आहे, तिथला दुकानदार तिला शुक्रवारी नवीन अंक वाचायला देतो. अट एकच, सोमवारी ते कोरे परत गेले पाहिजेत. घडी नको, डाग नको.

तिच्या ओळींत माझ्या ओळी कशा आल्या तेही सांगते. मी नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत अडतीस वर्षं ब्लाउज शिवले. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी येत नाही. एकदा ती वाचत बसली होती आणि मी चित्रावर बोट ठेवून म्हटलं, या उडणाऱ्या बाईचा झगा सरळ कापडात कापलाय, तो असा लहरणार नाही, उरेब, म्हणजे तिरका, कापायला हवा होता. शिवाय मुंढा इतका घट्ट आहे की तिचा हात खांद्याच्या वर जायचा नाही, ती ठोसा काय मारणार. नात खूप हसली आणि तिने ते पानावर टाकलं, खाली लिहिलं 'आजीचं मत'. लोकांना आवडलं. त्यानंतर दर शनिवारी दुपारी ती माझ्या पलंगावर मांडी घालून बसायची, चित्रं दाखवत एकेक ओळ मराठीत सांगायची, आणि मी माझं मत द्यायची. मुलगा एकलहऱ्याला कामाला, सून शाळेत क्लार्क, शनिवारी दुपारी घरात आम्ही दोघीच. दोन वर्षं असं चाललं. त्या दुपारी मी कोणाला दारात उभं करत नसे. शेजारीण आली तरी तिला उद्या ये म्हणायची.

मग विहीण आली.

ती सुनेची आई. सुरगाण्याकडे डोंगरातल्या शाळांत मास्तरीण होती, आता निवृत्त. मोतीबिंदूचं ऑपरेशन नाशिकला करायचं ठरलं. तिचा मुलगा बंगलोरला, त्याला सुट्टी नव्हती. म्हणून ती लेकीकडे आली. आमच्या लहानपणी आईबाप लेकीच्या घरी पाणीसुद्धा पीत नसत. नातू झाल्यावर मगच लेकीच्या घरचा घास घ्यायचा, अशी रीत होती. मी हे एकदा जेवताना बोलले. विहीण म्हणाली, नात चालत नाही का, आणि आणखी एक भाकरी घेतली. सून माझ्याकडे बघत राहिली. सून आम्हा दोघींना आईच म्हणते. ती स्वयंपाकघरातून आई अशी हाक मारायची आणि ओ विहीण द्यायची.

ते मी सोसलं असतं. डोळ्यांची पट्टी निघाल्यावर तिने कॉमिक हातात घेतलं, ते सोसलं नाही. तिला इंग्रजी वाचता येतं. नातीला सांगत बसावं लागत नाही. ती आपली आपण वाचते आणि नंतर दोघी त्यावर बोलतात. नात तिला नानी म्हणते. पहिल्याच शनिवारी नात माझ्या पलंगावरून उठली ती नानीच्या खुर्चीजवळ जाऊन जमिनीवर बसली, आणि अर्धा तास तिथून हलली नाही.

रविवारी पानावर दोन मतं आली. आजीचं मत आणि नानीचं मत.

ते पुस्तक मिठाच्या खाणीवर बसलेल्या राक्षसाचं होतं. मी म्हटलं होतं, राक्षसाला मीठ कशाला लागतं ते लेखकाने सांगितलं नाही, आणि राजकन्या तीन दिवस त्याच एका चोळीत पळते तरी एक शिवण उसवत नाही. विहीण म्हणाली, ज्या डोंगरात मीठ मिळत नाही तिथली माणसं मिठासाठी किती चालतात हे मी पाहिलंय, राक्षस खरा नाही पण चालणं खरं आहे.

लोकांना तिचं मत जास्त आवडलं. नातीने मला ते वाचून दाखवलं नाही, आणि लोक तिथे इंग्रजी अक्षरांत लिहितात, म्हणून मी सुनेकडून वाचून घेतलं. एकाने लिहिलं होतं, नानी म्हणजे कविता. माझ्या मताखाली नेहमीचे हसरे चेहरे होते. त्या दिवशी मला कळलं की दोन वर्षं लोक मला हसतच होते. विहिणीला मात्र कोणी हसलं नाही.

पुढच्या शनिवारपासून नातीने वाटणी केली. बलवान माणसांची पुस्तकं मला, जादूच्या राज्यांची नानीला. वेळ वाचतो म्हणाली. मी विचारलं, मला जादूचं का नाही. ती म्हणाली, "आजी, तू कपड्यांवर बोलतेस ना, सुपरहिरोंचे कपडे जास्त असतात." ती वाईट हेतूने बोलली नव्हती. म्हणूनच जास्त लागलं.

चौथ्या आठवड्यात जादूचं एक नवीन पुस्तक आलं. एका बाईचं पोर पंखांचा कोल्हा उचलून नेतो आणि ती त्याला शोधत डोंगर चढते. चित्रं फार सुरेख. शुक्रवारी संध्याकाळी मी ते नुसतं चाळून पाहिलं. ते मला हवं होतं. नातीने स्वतः वाचायच्या आधीच ते उचलून नानीच्या उशीजवळ ठेवलं.

शनिवारी सकाळी विहीण डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली, सून बरोबर. नात क्लासला. मी ते पुस्तक घेतलं. शेवटची तीन पानं पाहिली. दार उघडतं, मुलगा आईला मिठी मारतो, राजा आनंदाने हात वर करतो. चित्रांवरूनच कळत होतं. त्याच्या आधीच्या पानावर ती बाई किल्ल्याच्या मोठ्या बंद दारासमोर उभी आहे आणि तिचा हात दाराच्या कडीवर आहे.

मी सगळ्यात बारीक सुई काढली. पांढरा दोरा एकेरी घेतला. दाराचं चित्र वर राहील अशा बेताने शेवटची तीन पानं मागच्या जाड पानाला कडेने शिवून टाकली, इतक्या लहान टाक्यांत की बोट फिरवलं तरी लागू नये. विहिणीचा डोळा नुकता उघडलेला. तिला वाटणार मागचं पान जाड आहे. ती अर्ध्या गोष्टीवर मत देणार, आणि वाचणारे म्हणणार की नानीने पुस्तक पुरतं वाचलंच नाही. माझा हिशेब एवढाच होता. सोमवारच्या आधी टाके काढून टाकायचे. कापडातून कच्चा टाका काढला, वरून पाण्याचा हात फिरवला आणि इस्त्री मारली की भोकं मिटतात. आयुष्यभर मी तेच केलं. कागदाचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

दुपारी विहिणीने वाचलं. बंद दारापर्यंत आली. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. नात वही घेऊन बसली होती. मी आतून ऐकत होते. विहीण म्हणाली, "लेखकाने दार उघडलं नाही ते बरं केलं. दाराशी पोचेपर्यंतच आईचं काम. पुढचं त्या पोराचं." नातीने ते लिहिलं आणि पुसून पुन्हा लिहिलं, जसं माझं मत कधी लिहिलं नव्हतं.

रविवारी ते पानावर आलं. दुपारपर्यंत लोकांनी विचारायला सुरुवात केली. दार तर उघडतं ना? नानींचा अंक वेगळा आहे का? एकजण म्हणाला, नानींना शेवटची पानं मिळाली नाहीत का?

मी खाली बसून भेंडी चिरत होते. मला आनंद झाला होता, ते कशाला लपवू. नातीने पुस्तक आणलं, मागचं पान बोटांत धरलं आणि उजेडाकडे नेलं. मग माझ्याकडे आली. तिने लहानपणापासून माझ्या हातचे फ्रॉक घातलेत.

"आजी, हा टाका तुझा आहे."

मी नाही म्हणाले नाही. विळी बाजूला ठेवली, ब्लेड घेतलं आणि तिच्यासमोर टाके काढले. पानं मोकळी झाली. पण कडेने भोकांची रांग राहिली. मी बोट ओलं करून फिरवलं तर कागद फुगला. इस्त्री आणू का विचारलं. ती म्हणाली, "आजी, हे कापड नाही." मग अगदी हळू म्हणाली, की दुकानदाराला सांगावं लागेल आणि यापुढे तो नवीन अंक देईल की नाही माहीत नाही. तिचं पान त्या अंकांवर चालतं. हे मला सुई हातात घेताना सुचायला हवं होतं. मला विहीण दिसत होती, नात दिसत नव्हती.

विहीण दारात उभी राहून सगळं ऐकत होती. बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

सोमवारी नात दुकानात गेली आणि खरं ते सांगितलं, आजीने शिवलं म्हणून. दुकानदाराने तो अंक परत घेतला नाही, तुझ्याकडेच ठेव म्हणाला. पुढचे अंक मात्र दिले. घरी आल्यावर नातीने सांगितलं की या आठवड्यात आजीचं मत पानावर येणार नाही. फक्त नानीचं. शनिवारी दुपारी मी पलंगावर बसून राहिले. पलीकडे दोघी तीन पुस्तकं वाचत होत्या. एकात हातातून दोर सोडणारा कोणी होता, त्याच्या कपड्याला खिसाच नव्हता, दोर कुठून येतो ते मला विचारायचं होतं. मला कोणी विचारलं नाही.

त्याच्या पुढच्या शनिवारी नात माझ्याजवळ बसली. हातात तेच भोकं पडलेलं पुस्तक. तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं, मग ती तीन पानंही. दार उघडतं. मुलगा आईला गालावरच्या तिळावरून ओळखतो. कोल्हा राजाचाच निघतो. राजा आईला अर्धं राज्य देतो. मग ती म्हणाली, "आता याचं मत दे. खरं."

मला एक वाक्य पुरलं असतं. शेवट गोड आहे, दार उघडायलाच हवं होतं, एवढं म्हटलं असतं तर विहिणीचं मत खोटं पडलं असतं. विहीण तिथेच मेथी निवडत बसली होती. पण दोन वर्षांत मी एकाही पुस्तकाबद्दल खोटं बोलले नव्हते. शिवण वाकडी असेल तर ती मी गिऱ्हाइकाला सरळ म्हणून दिलेली नाही.

मी म्हणाले, "शेवटची तीन पानं नकोत. बाई दाराशी उभी आहे तिथे पुस्तक संपलंय. पुढचं लेखकाने लोकांना खूश करायला लावलंय, ब्लाउजला नको तिथे लेस लावतात तसं."

नातीची पेन्सिल थांबली. विहिणीने मेथीची जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मग उसवलंत कशाला, विहीणबाई?"

नात इतकी हसली की तिला ठसका लागला. विहीण उठून तिला पाणी द्यायला गेली. मीही उठले होते, पण तिचा तांब्या आधी पोचला.

रविवारी दोन्ही मतं शेजारी शेजारी आली. मी सुनेला खाली काय लिहिलंय ते वाचायला लावलं. सगळ्यात वर कोणीतरी लिहिलं होतं, या वेळी आजीला नानीचं म्हणणं पटलं. त्याखाली बऱ्याच जणांनी हात जोडले होते. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.