एकदा हातासाठी, एकदा मनासाठी

कुलूप दिसलं की आमचे एक शेजारी ते दोनदा ओढून बघायचे. कुणाचंही असो. स्वतःच्या दाराचं, गच्चीचं, मीटरच्या खोलीचं, माझ्या स्कूटरच्या डिकीचंसुद्धा. मग मान डोलावून म्हणायचे, "एकदा हातासाठी, एकदा मनासाठी. ओके हाय!" तुमच्याही सोसायटीत असा एखादा माणूस असेल. नसेल तर सुखी आहात.

सुकापूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. मूळचे उरणकडचे. वीस वर्षं कंटेनर यार्डाच्या गेटवर काढलेली. आलेल्या प्रत्येक कंटेनरच्या दाराला सील असतं. ते दोनदा ओढायचं, नंबर मोठ्याने वाचायचा, कागदावर सही करायची, हे त्यांचं काम. मग मंदी आली. बोटी कमी झाल्या, यार्डातली एक अख्खी पाळी बंद झाली आणि ते घरी बसले.

घरी बसले म्हणायचं एवढंच. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते खाली हजर. गेटजवळ खुर्ची टाकायची, सगळी कुलपं ओढून यायचं, टँकरवाल्याला हाका मारायच्या, कुणाचं पार्सल घ्यायचं. चार दिवसांत अख्खी बिल्डिंग त्यांना काका म्हणायला लागली. मी सहा वर्षं सेक्रेटरी आहे. मला अजून सगळे आडनावाने हाक मारतात.

आता लपवून काय करायचं? मी जळायचो. कळंबोलीच्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात दोघांना काढलं होतं, तिघांचं काम माझ्या एकट्याच्या बोकांडी बसलं होतं. पाठ धरून घरी यावं, तर गेटवर हे गृहस्थ खुर्चीत, हातात कुणाच्या तरी घरचा चहा, भोवती चार बायका हसतायत. पूर्वी 'पाणी कधी येणार' हे लोक मला विचारायचे आणि मला वैताग यायचा. आता विचारेनासे झाले, तर जास्तच वैताग यायला लागला.

त्यात आमच्या घरात फितुरी. ते खाडीतले निवटे मासे आणायचे आणि त्यांच्या घरच्या वहिनी कालवणाची वाटी वर पाठवायच्या. आमची ही बोटं चाटत म्हणाली, "नोकरी गेली तरी कपाळावर आठी नाही त्या माणसाच्या. आणि तुमची आहे, तरी चेहरा बघा!" कालवण फर्मास झालं होतं, याचाही मला राग आला.

एकदा जिन्यात त्यांनी मला गाठलं. प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेला बायोडेटा पुढे केला.

"सेक्रेटरीसाहेब, तुमच्याकडं गेटवर काय असेल तर सांगा. पगार कमी चालेल. आमी उभ्यानं काम करतो."

"सांगतो ना," मी म्हणालो आणि कागद ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाकला.

पंधरा दिवसांनी आमच्या साहेबांनी विचारलं, "गेटवर भरवशाचा माणूस हवाय. आहे कुणी ओळखीत?" काकांचं नाव अगदी जिभेवर आलं. आणि मला पुढचं सगळं दिसलं. महिनाभरात साहेब म्हणणार, काय माणूस आणलात हो! ड्रायव्हर काका म्हणणार. म्हणजे बिल्डिंग गेली, घर गेलं, आता ऑफिसही त्यांनाच देऊन टाकू? "बघतो, विचारून सांगतो," मी म्हणालो. त्यांचं तर मजेत चाललंय, त्यांना कशाला हवी नोकरी, अशी माझी मीच समजूत घातली. विचारलं नाही, सांगितलंही नाही.

इकडे काकांच्या कुलपं ओढायच्या फेऱ्या वाढल्या. सकाळ-संध्याकाळच्या दोन होत्या, त्या तासातासाला व्हायला लागल्या. लोक कौतुकाने म्हणायचे, "फुकटचा वॉचमन मिळालाय." सोसायटीच्या सत्यनारायणाला त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरलं. शाल आणायची कोणी? सेक्रेटरीने! दुकानात मी मुद्दाम साधीतली साधी शाल निवडली. पूजेच्या दिवशी ती त्यांच्या खांद्यावर घातली, तर ते एकदम उठले. "गच्चीचं राहिलं," म्हणाले आणि जिना चढायला लागले. लोक हसले. टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला जिन्यात थांबवलं.

"भावजी, शाल कशाला हो घातलीत त्यांना?" "हात बघितलेत का त्यांचे? बोटं सोलून निघालीत. जेवणावरून उठतात, झोप नाय. म्हणतात, एक सील ओढायचं राहिलं असेल माझं, म्हणूनच काढलं. मी सांगते, अहो, अख्खी पाळी बंद केली, तुमचं एकट्याचं काय? नाय पटत. आणि तुमी सगळे टाळ्या वाजवता."

ज्या खुर्चीचा मी इतके दिवस हेवा केला, तिच्यात बसलेला माणूस आतून असा सोलवटत चालला होता.

तसाच स्कूटर काढून ऑफिसला गेलो, साहेबांच्या टेबलापुढे तो कागद ठेवला. ते म्हणाले, "अहो, मागच्याच आठवड्यात भरली ती जागा. तुम्ही काही बोललाच नाहीत."

काकांना पनवेलच्या डॉक्टरांनी औषधं दिली, जागा बदला म्हणाले. वहिनींचे भाऊ आपटा गावात असतात, तिकडे जायचं ठरलं. निघताना घराचं कुलूप वहिनींनीच लावलं. काकांचा हात पुढे झाला, तो त्यांनी हलकेच धरून ठेवला. बोटांना पट्ट्या होत्या. बिल्डिंग सगळी खाली जमली होती. रिक्षात बसता बसता ते नेमके माझ्याकडे वळले.

"सेक्रेटरीसाहेब, तो कागद हाय ना तुमच्याकडं?"

"आहे ना."

"काय निघालं तर सांगा. तुमी हाय म्हणून जरा बरं वाटतं."

रिक्षा गेली. आता गेटवर ती खुर्ची रिकामी असते. पाणी कधी येणार, हे लोक पुन्हा मला विचारतात. मला हवं होतं ते सगळं परत मिळालं.

तो कागद माझ्या ड्रॉवरमध्येच आहे. ऑफिसातून निघताना मी त्याला कुलूप लावतो आणि दोनदा ओढून बघतो. पहिल्यांदा ओढलं की हाताचं समाधान होतं. दुसऱ्यांदा ओढून काही होत नाही.