बिरू मासाळनं केलेलं कौतुक

बिरू मासाळ चांगल्या कामाला चांगलं म्हणत नसे. वाईट कामाला वाईटही म्हणत नसे. भिंतीला ओळंबा लावायचा, दोरीकडं बघायचा आणि निघून जायचा. ओळंब्यात नसेल तर ज्यानं बांधली त्यानं ती आपल्या हातानं पाडायची. मी त्याच्याबरोबर सव्वीस वर्षं गवंडीकाम केलं. माझ्या चार भिंती पडल्या. चारही पडायलाच हव्या होत्या.

त्याचं घर कऱ्हाटीचं. वडिलांनी मेंढरं विकली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्यानं घमेलं उचललं. हातात थापी यायला सहा वर्षं लागली आणि त्या सहा वर्षांत त्याला कोणी शाबासकी दिली नाही. आपणही कोणाला द्यायची नाही, हे त्यानं तेव्हाच ठरवलं असावं. मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "सावळाराम, भिंत उभी ऱ्हाती का न्हाय? मग तिला रोज काय इचारू, बरी हाईस का म्हणून?"

मागच्या वर्षी जळोचीत एका वसाहतीच्या पाण्याच्या टाकीचं काम होतं. बिरू सदुसष्ट वर्षांचा, देखरेखीपुरता. मी काम सोडलेलं, पण त्यानं बोलावलं की जायचो. टाकी गोल. आतल्या गिलाव्याला बंगालमधून आलेला निमाई नावाचा गडी होता. तिशीतला, हिंदी मोडकी, मराठी त्याहून मोडकी. आमच्या लोकांनी त्याचा निमाजी करून टाकला.

गोल भिंतीचा गिलावा अवघड. पट्टी सरळ आणि भिंत वाकडी, म्हणून सगळा भरवसा हातावर. निमाजीनं अर्धी टाकी केली तेव्हा बिरू आत उतरला. भिंतीला तळवा लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. मग उलटा चालला. कुठं फुगवटा नाही, कुठं खड्डा नाही. वर आला आणि काही न बोलता घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले असताना तो म्हणाला, "ह्या निमाजीचं मला लई कौतुक वाटतं."

मग सेंटरिंगवाला अजित बिरूकडं बघून ओरडला, "आबा, पेढं वाटा! आबांनी कौतुक केलं रं निमाजीचं! कौतुक!"

सगळे खदाखदा हसले. मीही हसलो. निमाजी हसला नाही. त्यानं थापी धुतली, पिशवीत घातली आणि निघून गेला.

संध्याकाळी मी त्याला फोन लावला. तो म्हणाला, "सबके सामने हमारा कौतुक किया."

मी म्हणालो, "किया तो अच्छा किया ना!"

त्यानं फोन ठेवला.

उलगडा केला रोहिणीनं. ती बिरूची सून, बारामतीत शाळेवर भाषा शिकवते. ती म्हणाली, "आबा, बंगालीत कौतुक म्हणजे थट्टा. तुम्ही चारचौघांत त्याची टिंगल केली असं वाटलं त्याला."

"मग आपल्यात उलटं कसं?" मी विचारलं.

"मूळ शब्द संस्कृत. तिथं नवल, आनंद, सोहळा, असे बरेच अर्थ. हिंदी-गुजरातीत नवल उरलं. बंगालीनं आनंदातलं हसणं घेतलं. आपण माया घेतली."

बिरूनं विचार केला. "भावकीत रान वाटून घ्यावं तसा शब्द वाटला की. आन् मी माझा वाटा त्याच्या बांधावर फेकला."

अजित शरमला होता. म्हणाला, "आबा, उद्या दुसरा गडी आणतो."

"टाकी कुणीबी पुरी करंल. तो माणूस खोटं घिऊन गेलाय. ते आदी परत आणायचं."

निमाजी शेळगावात भाजी निवडायच्या नव्या शेडच्या गिलाव्यावर लागल्याचं कळलं. सकाळच्या पहिल्या एसटीनं बिरू आणि मी गेलो. आम्हाला बघून त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी हिंदीत समजावू लागलो, कौतुक म्हणजे आमच्याकडं आनंद, प्यार. तो न वळता म्हणाला, "काका, हँसी हमने सुना था." आम्ही हसलो होतो.

बिरूला हिंदी येत नाही. त्यानं बाह्या वर केल्या आणि माल देणाऱ्या अनिताच्या हातातलं घमेलं घेतलं.

"अवो आबा, ह्ये काय? कंबर मोडंल!"

"माझी कंबर हाय. तू पानी मार."

त्यानं वाळू चाळली, माल कालवला, घमेलं निमाजीच्या पायाशी ठेवलं. निमाजी अडवायला वाकला. बिरू म्हणाला, "घे. वाळतोय." माल वाळतोय हे कुठल्याही गवंड्याला कळतं. निमाजीनं थापी भरली.

असं दुपारपर्यंत चाललं. एका घमेल्यात निमाजीला खडा लागला. सवयीनं त्यानं ते पायानं मागं सारलं, आणि कोणाचं सारलं हे लक्षात येऊन थिजला. बिरूनं घमेलं उचललं, रिकामं केलं आणि वाळू पुन्हा चाळायला बसला.

निमाजी माझ्याजवळ आला. "काका, ये बूढ़ा आदमी क्या कर रहा है?"

"कौतुक," मी म्हणालो. "इसको हमारे यहाँ कौतुक बोलते हैं."

त्यानं बिरूच्या हाताकडं बघितलं. मग त्यानं जाऊन चाळण धरली. चाळणीच्या दोन बाजूंना दोघं. शेवटी निमाजीच म्हणाला, "जळोची आएगा. लेकिन इधर का आधा छोड़के नहीं आएगा."

"तिथलं सोडून आलाच की!" माझ्या तोंडून गेलं.

निमाजीनं मान खाली घातली. बिरू माझ्यावर कडाडला, "गप ऱ्हा! त्याचं बराबर हाय. अर्धं टाकून आला तर मीच माघारी धाडीन. किती दिस लागत्याल इचार."

तीन दिवस, निमाजी म्हणाला.

तिन्ही दिवस आम्ही शेळगावात राहिलो आणि तिन्ही दिवस बिरूनं त्याला माल दिला. चौथ्या दिवशी तिघंही जळोचीच्या टाकीत उतरलो.