ताईसाठी ठेवलेली फट

पन्नाशी जवळ आली, केस पिकले, तरी घरात तो धाकटाच राहिला. ऑफिसात तो कॉम्प्युटरवाला. पाणीपुरवठा खात्यात प्रिंटर अडला की त्याला हाक मारायची, चालू झाला की विसरायचं. त्याने लिहिलेला एडिटर, म्हणजे साधा मजकूर लिहायचा प्रोग्राम, परदेशातही कितीतरी लोक वापरतात, हे तिथे कुणाच्या गावीही नव्हतं. प्रोग्राम फुकट होता. मोबदल्यात त्याला तक्रारी मिळत.

एका दुपारी डबा खाताना ईमेल आला. पाठवणारी बाई प्रोग्राममधल्या सुरक्षेच्या चुका शोधत असे. भाषा अगदी सभ्य होती, म्हणूनच धाकट्याने डबा बाजूला सारला. आरडाओरडा करणारे बहुधा चुकलेले असतात, हे तो अनुभवाने शिकला होता.

फाइलच्या पहिल्या ओळीत कॉम्प्युटरला एखादी आज्ञा लिहिली असेल, तर तुमचा एडिटर ती न विचारता पाळतो, असं तिने लिहिलं होतं. कुणीही अशी फाइल पाठवून समोरच्याच्या मशीनमधलं सगळं पळवू शकेल. दुरुस्ती होईपर्यंत ती गप्प राहणार होती, पण फार काळ नाही.

धाकट्याला कोड उघडून बघायची गरज पडली नाही. ती सोय त्यानेच केली होती, थोरल्या बहिणीसाठी. ताईची दृष्टी गेली, तरी तिने लोकांचे लेख तपासून द्यायचं काम सोडलं नाही. पहिल्या ओळीत ‘वाचून दाखव’ अशी आज्ञा असली की फाइल उघडताच मशीन बोलू लागे. लेखकांनी ती ओळ घालूनच लेख पाठवायचा, अशी ताईची सक्ती होती. तिच्यासाठी वेगळी प्रत काढायचा धाकट्याने तेव्हा कंटाळा केला, आणि ती सोय असलेलीच प्रत सगळ्यांकडे गेली.

ऑफिस सुटल्यावर तो तडक तिच्याकडे गेला.

“ताई, एक घोळ झालाय.”

“आवाजावरूनच कळलं. नोकरी गेली की बायको?”

“दोन्ही आहेत.”

“मग बस. चहा तूच कर.”

त्याने सगळं सांगितलं. ताईचे हात कीबोर्डवरच थांबले.

“म्हणजे एखाद्याने त्या ओळीत भलतंच काही लिहिलं असतं तर?”

“मशीनने तेही ऐकलं असतं.”

“आणि मी आपली हे बोलत का नाही म्हणून कान लावून बसले असते!”

“तुला जुनीच प्रत ठेवतो. बाकीच्यांसाठी ती सोय बंद करतो.”

“वा रे शहाण्या! सगळ्यांना कुलूप आणि माझं दार सताड उघडं? अनोळखी माणसांच्या फाइली येतात त्या माझ्याकडेच ना?”

“पण बंद केलं तर तुला पुन्हा सगळं नव्याने शिकावं लागेल.”

ताईने कीबोर्डवरून बोटं फिरवली. पहिल्यांदा ती रडत, चिडत, कीबोर्ड आपटत शिकली होती. तेव्हा अंगात जोर होता.

“कंटाळा आलाय रे,” ती म्हणाली. “पण बंद कर.”

रविवारी तिच्याच टेबलाशी बसून त्याने ती सोय उपटून टाकली. आता फाइलचं काही चालणार नव्हतं. ऐकायचं तर माणसानेच बटण दाबायचं. नवी प्रत नेटवर टाकून त्याने त्या बाईचे आभार मानले. थोड्याच वेळात तक्रारी सुरू झाल्या. सोय का काढली? इतकी वर्षं झोपा काढत होतात का? त्याने लॅपटॉप मिटला. खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले.

शेजारी ताईने फाइल उघडली. मशीन गप्प. सवयीने ती हनुवटी वर करून थांबली. मग तिचं बोट चाचपडत सरकलं आणि भलत्याच बटणावर पडलं. मशीनने टिंग केलं, तसे धाकट्याने डोळे उघडले.

“काय झालं?” ताईने विचारलं.

“परिच्छेद उडाला. थांब, आणतो परत.”

“तू नको. कुठलं बटण ते सांग.”

त्याने सांगितलं. परिच्छेद परत आला. ताईने पुन्हा बोट सरकवलं, या वेळी सावकाश, कडेची बटणं मोजत. मशीन बोलू लागलं.

“झोपलास का धाकट्या?”

“नाही.”

“मग दुसरी फाइल उघडते. मध्ये हात घालू नकोस.”